चाकणच्या नव्या युनिटचं नेटवर्क आणि सॉफ्टवेअर : सुरुवात गेटपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत मशिन्ड पार्ट्सचं युनिट चालू आहे, दुसरं चाकणला उभं राहतंय. शेड साधारण ८० मीटर लांब, ऑफिस एका टोकाला पहिल्या मजल्यावर. कॉम्प्युटरवर बसणारी माणसं चाळीसच्या आसपास, त्यात प्लांट हेड, परचेस, क्वालिटी, अकाउंट्स आणि एचआर असे पाच मॅनेजर. डायरेक्टर साहेबांचा हुकूम आहे की मॅनेजर लोकांना सगळं स्क्रीनवर दिसलं पाहिजे. दोन कोटेशन्स आलीत. एकात मोठा सर्व्हर आणि ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर), दुसऱ्यात सगळं क्लाउडवर, वर "वायरिंगची गरजच नाही, वायफाय देतो." यातलं कुठलं घ्यावं, आणि भोसरीचे जुने पीसी तिकडे न्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही कोटेशन्स तूर्त बाजूला ठेवा. स्वस्त-महाग हा प्रश्नच नाही. दोघांनीही आखणी मॅनेजरच्या केबिनपासून सुरू केली आहे, आणि तिथेच गाडी चुकते. केबिनमधल्या स्क्रीनवर जे दिसतं ते आधी कुणीतरी कुठेतरी टाइप केलेलं असतं. तो माणूस गेटवर असतो, स्टोअरमध्ये असतो, इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी असतो. त्याच्या हाताशी स्क्रीन नसेल तर तो दिवसभर वहीत लिहितो आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन सगळं एकदम भरतो. मग प्लांट हेडला दुपारी चार वाजता दिसणारा स्टॉक कालचा असतो. दोनदा तो आकडा खोटा निघाला की साहेब परत स्टोअरला फोन लावायला लागतात आणि लाखांचं सॉफ्टवेअर तोंडी लावण्यापुरतं उरतं.

म्हणून पहिलं काम कागद-पेन्सिलचं. शेडचा नकाशा घ्या आणि एक गाडी आत आल्यापासून मालाबरोबर चाला. गेटवर इनवर्ड, स्टोअरला जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), इनकमिंग इन्स्पेक्शन, रॅक, मशीनला इश्यू, प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटसाठी बाहेर जॉबवर्कला, तिथून परत, फायनल इन्स्पेक्शन, पॅकिंग, डिस्पॅच. माल जिथे एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथे नोंद होते, आणि जिथे नोंद होते तिथे नेटवर्कचा पॉइंट हवा. या हिशेबाने तुमच्याकडे शॉप फ्लोअरवर आठ-दहा जागा सहज निघतील. कोटेशनमध्ये त्यातल्या किती आहेत ते मोजून बघा.

दुसरा कागद प्रत्येक मॅनेजरसाठी. "तुम्हाला कुठले रिपोर्ट हवेत?" असं विचारू नका, चाळीस रिपोर्टची यादी हातात पडेल आणि त्यातले पस्तीस कुणी उघडणार नाही. विचारा, की तुम्ही रोज किंवा दर आठवड्याला कुठला निर्णय घेता, किती वाजता, आणि आज कुठला कागद बघून. परचेसवाला सांगेल की सोमवारी सकाळी शॉर्टेज लिस्ट हवी. क्वालिटीवाला सांगेल की कस्टमरची तक्रार आली की तो लॉट कुठल्या हीट नंबरच्या (पोलादाच्या कुठल्या ओतीच्या) बारमधून निघाला हे अर्ध्या तासात सापडलं पाहिजे. अकाउंट्सला महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणं दिसत असतात. शिवाय सूक्ष्म आणि लघु सप्लायरचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, म्हणून कुणाचं बिल कितव्या दिवसावर आलं ते त्यांना रोज दिसायला हवं. एचआरला शिफ्टप्रमाणे हजेरी आणि ओव्हरटाइम. डायरेक्टर साहेबांना तुम्ही कितीही सुंदर डॅशबोर्ड द्या, ते येणं किती आणि डिस्पॅच किती हे व्हॉट्सअॅपवरच विचारणार. त्यांच्यासाठी सकाळी नऊला आपोआप जाणारा चार ओळींचा मेसेज बसवा, डॅशबोर्डचे पैसे वाचतील.

हे दोन कागद झाले की नेटवर्क जवळजवळ आपोआप आखलं जातं.

वायरिंग. "वायफायवर भागेल" हे ऐकू नका. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, त्यातली ९० मीटर भिंतीतली आणि उरलेली दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डची. तुमची शेडच ८० मीटर लांब आहे. नेटवर्कच्या रॅकमधून केबल वर ट्रेपर्यंत चढणार, ट्रेने वळत वळत जाणार, पलीकडे परत खाली उतरणार. नकाशावर ८० दिसणारं अंतर प्रत्यक्षात शंभरच्या वर जातं, आणि मग डिस्पॅचचा पीसी कधी चालतो, कधी अडकतो. यावर उपाय सोपा आहे. ऑफिसमध्ये मुख्य रॅक, शेडच्या पलीकडच्या टोकाजवळ एक छोटा ९यू वॉल माउंट रॅक, दोन्हींमध्ये फायबर. सहा कोअरची सिंगल मोड टाका, दोन वापरा, बाकीच्या राहू द्या. केबलच्या भावात फार फरक पडत नाही, पण पुन्हा शिडी लावून ट्रे उघडायची मजुरी परवडत नाही.

गेटच्या केबिनला तर फायबरच, तिथे चर्चा नको. ती वेगळी इमारत आहे. मे महिन्यात वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या केबलमधून सर्ज आत येतो आणि स्विचचे पोर्ट घेऊन जातो. फायबर एचडीपीई पाइपमधून जमिनीखालून न्या. आणि गेटच्या मीडिया कन्व्हर्टरचा (फायबरला साध्या नेटवर्क केबलशी जोडणाऱ्या डबीचा) अॅडॉप्टर बंद पेटीत ठेवा, नाहीतर रात्री वॉचमन तो काढून मोबाइल चार्जिंगला लावतो आणि सकाळी "नेट गेलं" अशी बोंब होते.

केबल कॅट ६ घ्या आणि पूर्ण तांब्याचीच घ्या. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आतून अॅल्युमिनियम अशी केबल कॅट ६ म्हणून खपवतात. डब्यावर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर अख्खा डबा परत पाठवा. तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज दिली की ती तापते आणि लांबवर व्होल्टेज पडतं. काम संपल्यावर कंत्राटदार साधा दिव्यांचा टेस्टर लावून "सगळे आठ दिवे लागले" म्हणेल. तेवढ्यावर सही करू नका. प्रत्येक पॉइंटचा फ्लूकच्या केबल तपासणाऱ्या मशीनचा रिपोर्ट मागा आणि शेवटचं पेमेंट त्या रिपोर्टशी बांधा. हे वर्क ऑर्डरमध्येच लिहा, नंतर मागितलं की चेहरे पडतात.

केबल ट्रे इलेक्ट्रिकलच्या ट्रेपासून फूटभर तरी लांब ठेवा, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. सीएनसीचे ड्राइव्ह, वेल्डिंग, इंडक्शन हे सगळं डेटा केबलच्या मुळावर येतं. इलेक्ट्रिकल कंत्राटदार आधी येतो आणि सगळी चांगली जागा अडवून बसतो, त्यामुळे तुमचा नकाशा त्याच्या हातात पहिल्या मीटिंगलाच गेला पाहिजे.

वायफाय लागेलच, पण बारकोड स्कॅनर, टॅबलेट आणि मीटिंग रूमपुरतं. अॅक्सेस पॉइंटच्या (वायफाय सोडणाऱ्या डब्यांच्या) जागा रिकाम्या शेडमध्ये ठरवू नका. मशीन आणि रॅक बसले, मालाचे लोखंडी बिन्स भरले, की सिग्नलची कथा बदलते. केबल चार-सहा जागी आधीच ओढून ठेवा, पॉइंट नंतर लटकवा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हीच चॅनल ठेवा, एकमेकांवर न चढणारी तेवढी तीनच आहेत.

स्विच घेताना सेल्समन पोर्ट मोजतो, तुम्ही वॉट मोजा. समजा २४ पोर्टचा पीओई (केबलमधूनच वीज देणारा) स्विच घेतला आणि त्याचं पॉवर बजेट १९० वॉट आहे. १६ कॅमेरे प्रत्येकी ८ वॉट म्हणजे १२८. चार अॅक्सेस पॉइंट प्रत्येकी १५ वॉट म्हणजे ६०. झाले १८८. पोर्ट अजून चार रिकामे दिसतात, पण वीज संपली. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की खप वाढतो आणि एखाद-दोन कॅमेरे बंद पडतात, सकाळी पुन्हा चालू. असा भुताटकीचा प्रकार कुठे ऐकलात तर आधी हे बजेट तपासा.

कॅमेऱ्यांचा विषय निघालाच आहे तर डिस्कचाही हिशेब सांगतो. एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएसने रेकॉर्ड करतो असं धरलं तर दिवसाला २१.६ जीबी होतात. १६ कॅमेरे, ३० दिवस, म्हणजे १०.४ टीबीच्या आसपास. कोटेशनमध्ये ४ टीबीची डिस्क आणि शेजारी "३० दिवस रेकॉर्डिंग" असं असेल तर दोनपैकी एक गोष्ट खोटी आहे.

रॅकला ऑनलाइन यूपीएस द्या, डिस्पॅच आणि स्टोअरलाही यूपीएसची लाइन न्या. अर्थिंग करून घ्या आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या आत असलं पाहिजे. मुख्य रॅक टॉयलेटखाली, पँट्रीशेजारी किंवा इलेक्ट्रिकल पॅनलच्या खोलीत नको. आर्किटेक्टला उरलेली जागा द्यायची सवय असते, त्याला आधीच सांगा.

आता नेटवर्कची आतली विभागणी. सगळे एका सपाट नेटवर्कवर टाकणं सोपं असतं, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी तसंच असतं. तुमच्याकडे निदान पाच भाग हवेत: ऑफिस, सर्व्हर, शॉप फ्लोअरची मशीन, कॅमेरे, पाहुण्यांचं वायफाय. मॅनेज्ड स्विचवर व्हीलॅन (एकाच केबलवर वेगळी नेटवर्क) करून हे होतं, वेगळ्या केबल लागत नाहीत. मशीनचा भाग वेगळा ठेवायचा कारण कित्येक सीएनसी आणि सीएमएम (पार्टची मापं तपासणारं मशीन) यांच्या कंट्रोलरमध्ये अजून विंडोज एक्सपी किंवा ७ बसलेलं असतं. ते अपडेट करता येत नाही, मशीनवाला हात लावू देत नाही, आणि ऑपरेटर प्रोग्राम पेनड्राइव्हने आणतो. जून २०१७मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जेएनपीटीतलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प केलं होतं. तो पसरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे दार अकाउंट्सचं होतं आणि बंद पडल्या क्रेन. तुमच्या अकाउंट्सच्या पीसीवरून सीएमएमपर्यंत सरळ वाट का ठेवायची?

आयपी पत्ते ठरवताना १९२.१६८.०.x आणि १९२.१६८.१.x या मालिका टाळा. घरोघरच्या राउटरला याच असतात. मॅनेजर घरून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट) लावतो, त्याच्या घरचा पत्ता आणि ऑफिसचा पत्ता एकच निघतो आणि सर्व्हर सापडत नाही. तक्रार येते "व्हीपीएन चालत नाही," माणूस दोन दिवस व्हीपीएन तपासत बसतो. भोसरीला १०.१.x.x आणि चाकणला १०.२.x.x द्या, म्हणजे उद्या दोन्ही युनिट जोडताना पंचाईत होणार नाही. भोसरीचं बदलायचं असेल तर या निमित्ताने आत्ताच बदलून घ्या.

इंटरनेटच्या दोन लाइन हव्यात आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या हव्यात. त्याहून महत्त्वाचं, त्या दोन वेगळ्या वाटांनी आत आल्या पाहिजेत. एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून दोन्ही आल्या असतील तर एक जेसीबी दोन्ही घेऊन जातो, आणि आपल्याकडे रस्ता कधी खोदला जाईल हे खोदणाऱ्यालाही माहीत नसतं. सर्व्हेला येणाऱ्या माणसाबरोबर स्वतः बाहेर जा आणि केबल कुठून येणार ते बोटाने दाखवायला सांगा. तिसरा आधार म्हणून राउटरमध्ये ४जी-५जीचं सिम ठेवा.

आता तुमचा मूळ वाद, स्वतःचा सर्व्हर की क्लाउड. क्लाउडच्या विरोधात नेहमीचा मुद्दा असतो: "नेट गेलं तर धंदा बंद." पण तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर असणारच, म्हणजे १ ऑगस्ट २०२३पासून तुम्हाला ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. ई-वे बिलही लागतं. दोन्ही नेटशिवाय निघत नाहीत. सर्व्हर घरात असला तरी नेट गेल्यावर गाडी गेटवर उभीच राहणार. तेव्हा हा मुद्दा दोन लाइन घेण्याचा आहे, सर्व्हर घेण्याचा नाही.

माझं मत असं: ईआरपी क्लाउडवर चालेल, भारतातल्या डेटा सेंटरमध्ये असलेलं. ड्रॉइंग आणि कॅडच्या फाइल मात्र जागेवर ठेवा. मोठी असेंब्ली उघडायला गिगाबिट लॅनवर सेकंदाला शंभरेक एमबी मिळतात, इंटरनेटवर तेवढे मिळत नाहीत आणि डिझाइनवाले वैतागतात. त्यासाठी दोन-चार डिस्कचा एक चांगला नॅस (नेटवर्कवर फाइल ठेवायची पेटी) किंवा छोटा सर्व्हर पुरतो. पहिल्या कोटेशनमधला दुप्पट ताकदीचा सर्व्हर कशासाठी आहे ते मला त्या कागदावरून कळलं नाही, बहुधा त्यांनाही सांगता येणार नाही. विचारून बघा. आणि विंडोज सर्व्हर घेतलाच तर सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा मशीनचं सीएएल लायसन्स वेगळं लागतं, ते त्या रकमेत आहे का तेही विचारा. पीसीवर विंडोज प्रो हवं, होम नको. होमला डोमेनमध्ये (कंपनीच्या एका मध्यवर्ती लॉगिनखाली) घेता येत नाही, आणि दुकानदार स्वस्त दाखवायला नेमकं तेच टाकतो.

आता सॉफ्टवेअर. टॅली, ईआरपीनेक्स्ट, ओडू, सॅप बिझनेस वन, नाहीतर इथल्याच एखाद्या कंपनीने बनवलेलं. नावात अडकू नका. तुमच्या आकाराच्या कंपनीत यातलं कुठलंही चालू शकतं आणि कुठलंही फसू शकतं. फरक पडतो बसवणाऱ्या माणसामुळे, आणि तो माणूस जोखायचा असेल तर त्याचा तयार डेमो बघू नका. त्या डेमोत सगळं शंभर नग येतं, शंभर नग जातं.

त्याला तुमचा डेटा द्या आणि समोर बसून हे करायला सांगा. ५०० नग प्लेटिंगला चलनाने पाठवले. पहिल्या खेपेत ३०० परत आले, त्यात १२ रिजेक्ट. दुसऱ्या खेपेत १८० आले. २० कुठे आहेत? ते २० आपल्या स्टॉकमध्ये दिसतात, पण प्लेटिंगवाल्याच्या नावावर दिसतात का? १२ रिजेक्टचा डेबिट कुणाला? जीएसटीत जॉबवर्कला गेलेला माल एका वर्षात परत आला पाहिजे, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्या दिवसापासून पुरवठा धरून कर लागतो. तर अकरा महिने झालेली चलनं एका बटणावर निघतात का? आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) त्यातून भरता येतो का? एवढ्यावर निम्मे विक्रेते "कस्टमाइज करून देऊ" म्हणतील. कस्टमाइज म्हणजे पैसे, उशीर, आणि पुढच्या व्हर्जनला परत तेच. जो तिथल्या तिथे करून दाखवेल त्याच्याशी पुढे बोला.

आणखी एक छोटी चाचणी. ऑपरेटरच्या स्क्रीनवर आणि मालाच्या लेबलवर मराठी हवं असेल तर लेबल प्रिंटर आणून 'क्ष', 'प्र', 'ऱ्या', 'ट्रॉली' असे शब्द खरोखर छापून बघा. स्क्रीनवर नीट दिसणारी जोडाक्षरं बऱ्याच लेबल प्रिंटरवर फुटतात, पाय मोडलेला हलन्त वेगळा छापला जातो. मग लेबल चित्र म्हणून पाठवावं लागतं आणि छपाई मंदावते. भोसरीची जुनी पत्रं आणि वर्क इन्स्ट्रक्शन जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतील तर ती युनिकोडमध्ये आणून घ्या, नाहीतर सर्चमध्ये एक शब्द सापडणार नाही.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, एक काम आजपासून सुरू होऊ शकतं आणि ते विक्रेता करून देणार नाही. आयटम मास्टर. भोसरीच्या यादीत बघा, 'बोल्ट एम८', 'एम ८ बोल्ट', '८ एमएम हेक्स बोल्ट', 'बोल्ट ८ गोदरेज कपाटातला' असे चार आयटम सापडतील आणि चौघांचा स्टॉक वेगळा. ते एक करा, कोड ठरवा, एकक ठरवा. बार किलोत घेता आणि नगात वापरता, तर रूपांतर कुणी आणि कसं करायचं? याला स्टोअरचा जुना माणूस आणि परचेसचा मॅनेजर दोघांना समोरासमोर बसवावं लागतं, आणि तुम्ही मध्ये बसावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. महिना-दीड महिना धरा. ज्या कंपन्यांत ईआरपी बसलं नाही तिथे बहुतेक वेळा हेच राहिलेलं असतं.

हक्क ठरवताना मॅनेजर लोक "मला सगळं दिसू दे" म्हणतात. दिसू दे, पण बदलू नको. पीओ (खरेदीची ऑर्डर) बनवणारा आणि मंजूर करणारा वेगळा, जीआरएन करणारा आणि बिल पास करणारा वेगळा. मंजुरी देणारा रजेवर गेला तर कुणाकडे जाईल हेही सॉफ्टवेअरमध्येच भरा. ते नसलं की साहेब फोनवरून आपला पासवर्ड सांगतात आणि पुढे तो पासवर्ड सार्वजनिक होतो.

कायद्याच्या तीन गोष्टी अशा आहेत ज्या कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल हवाच, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, आणि ती बंद करता येता कामा नये. हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा, हाही नियमच आहे. तिसरं, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यावर ६ तासांत कळवावं लागतं आणि १८० दिवसांचे लॉग भारतात ठेवावे लागतात. फायरवॉल घेताना तिच्यात एवढे लॉग राहतात का ते बघा, छोट्या मॉडेलमध्ये राहत नाहीत, बाहेर साठवावे लागतात. पायरेटेड कॅडबद्दल वेगळं सांगायला नको, कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात सात दिवस ते तीन वर्षं कैद लिहिलेली आहे. नव्या युनिटमध्ये पहिल्या दिवसापासून स्वच्छ कारभार ठेवायची ही संधी आहे.

रॅन्समवेअर आत येण्याच्या वाटा फारशा गूढ नसतात. कुणीतरी सोयीसाठी सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडून ठेवतो, पोर्ट ३३८९. किंवा सॉफ्टवेअरवाला सपोर्टसाठी एनीडेस्क टाकून कायमचा पासवर्ड ठेवून जातो. बाहेरून येणारा प्रत्येक माणूस व्हीपीएन आणि ओटीपीनेच आत यायला हवा, मग तो डायरेक्टर असो की टॅलीवाला. आणि बॅकअपची एक प्रत अशी ठेवा जी नेटवर्कला जोडलेलीच नाही. तुमच्याकडे दोन युनिट आहेत हे फार सोयीचं: चाकणची प्रत रोज रात्री भोसरीच्या नॅसवर, भोसरीची चाकणला, आणि दोन्हींची आठवड्याची एक डिस्क काढून कपाटात. सगळं फक्त क्लाउडवर ठेवायचं म्हणणाऱ्याला विचारा की ५०० जीबी परत आणायला किती वेळ लागेल. ५० एमबीपीएसला बावीस तास, तेही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. तीन महिन्यांतून एकदा टॅलीचा बॅकअप दुसऱ्या पीसीवर उघडून ट्रायल बॅलन्स जुळतो का बघा. रेडमध्ये (एकच डेटा एकदम दोन डिस्कवर लिहिणारी मांडणी) दोन डिस्क आहेत म्हणून बॅकअप आहे असं कुणी म्हणालं तर त्याला बॅकअपचं काम देऊ नका. फाइल पुसली की ती दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते.

आणि हे सगळं कुणाच्या नावावर आहे? कंपनीचं डोमेन वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर, फायरवॉलचं लॉगिन व्हेंडरच्या ईमेलवर, क्लाउडचं अॅडमिन खातं मागच्या वर्षी सोडून गेलेल्या माणसाच्या जीमेलवर, हे मी पुण्यात इतक्या ठिकाणी बघितलंय की आता आश्चर्य वाटत नाही. प्रत्येक खातं कंपनीच्या ईमेलवर, कंपनीच्या नावाने, मुख्य पासवर्ड लिफाफ्यात सील करून डायरेक्टरच्या तिजोरीत. स्विचची कॉन्फिगरेशन फाइल आणि पॉइंट नंबर टाकलेला नकाशा ताब्यात मिळाल्याशिवाय शेवटचं बिल पास करायचं नाही. एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) प्रतिसादाची वेळ तासांत लिहून घ्या, "लवकरात लवकर" नको.

बदलाचा दिवस गुरुवार ठेवा. एमआयडीसीला सुट्टी असते, माणसं नसतात, गाड्या नसतात. फक्त महावितरणची दुरुस्ती त्याच दिवशी निघते, म्हणून जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते बुधवारी बघून ठेवा. नवं सॉफ्टवेअर महिन्याच्या १ तारखेला, मोजलेल्या स्टॉकवर सुरू करा. जुनं आणि नवं दोन महिने बरोबर चालवा, तिसऱ्या महिन्यात जुन्याला फक्त बघण्याचा हक्क ठेवा. दोन महिन्यांच्या पुढे समांतर चालवू नका, माणसं जुन्यातच राहतात.

भोसरीचे जुने पीसी. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षा चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. तुमच्याकडचे त्यात बसत असतील तर एसएसडी आणि १६ जीबी रॅम टाकून ऑफिसात वापरा. जे बसत नाहीत ते अकाउंट्स आणि परचेसला अजिबात देऊ नका. ईआरपी ब्राउझरमध्ये चालणारं घेतलंत तर याच पीसींवर एसएसडी आणि लिनक्स टाकून ते स्टोअर, इन्स्पेक्शन आणि गेटला लावता येतील, तिथे एका ब्राउझरपलीकडे काही लागत नाही. त्याआधी स्कॅनर आणि लेबल प्रिंटर लिनक्सवर चालतो का ते एका पीसीवर भोसरीतच करून बघा. जुन्या हार्ड डिस्क भंगारवाल्याला देऊ नका, त्यावर भोसरीचे कस्टमर ड्रॉइंग आहेत. ड्रिलिंग मशीन तुमच्याकडे आहेच, प्रत्येकीला तीन-चार भोकं पाडा आणि मग द्या.